हिशेबाची सनद आणि कातडीचा रंग

(गांवच्या शाळेंत भरलेल्या पालकांच्या सभेपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



विषय फळ्यावर लिहिलेला पाहून दोघातिघांनीं मला आंत येतां येतांच हटकलें कीं, "मास्तर, अमेरिकेंतल्या काळ्या लोकांच्या जमाखर्चाशीं आमचें काय देणेंघेणें?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तर शेवटासाठीं राखून ठेवीत नाहीं. शेतांत कोण राबलें हें पिकावर लिहिलेलें नसतें. कोणाचें देणें किती आणि येणें किती हें वही सांगते, आणि वहीचा मालक बोलवील तेंच ती बोलते. आपल्या वाडवडिलांस हें पुरतेपणीं ठाऊक होतें. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हां त्यांचा मुख्य राग होता तो कागदावर. वह्या आणि रोखे बाहेर ओढून त्यांनीं त्यांची होळी केली. जी वही आपल्याला वाचतां येत नाहीं आणि जी आपलें घरदार गिळते, तिचें दुसरें काय करणार?

आतां तिकडे चला. प्रथम शब्दाविषयीं एक सांगतों. त्या देशांतले हे लोक स्वतःस काळे म्हणवितात आणि त्यांत कमीपणा मानीत नाहींत, म्हणून मीहि तोच शब्द वापरणार आहें.

अमेरिकेंत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. ज्या सज्जनांनीं काळ्यांस दास्यांतून सोडविलें त्यांस जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें, हें येथील पुष्कळांनीं ऐकलें असेल. पण बेडी तुटली तरी जमीन हातीं आली नाहीं. दक्षिणेकडचा काळा शेतकरी गोऱ्या मालकाचीच जमीन बटाईनें करूं लागला. बीं, औत, पीठ, मीठ, कापड, सगळें मालकाच्या दुकानांतून उधार. कापूस निघाला कीं मालकच तो वजन करी, मालकच विकी, आणि मालकच वही उघडून सांगे कीं, बाबा, यंदा तुझ्याच अंगावर इतके डॉलर निघतात. तपशील विचारण्याची सोय नव्हती. ज्यांच्या बापांस लिहावाचावयास शिकविणें कित्येक प्रांतांत कायद्यानें गुन्हा होता, ते वहींत काय पाहणार?

आणि विचारलें तर काय होई तेंहि ऐका. १९१९ सालीं आर्कान्सा प्रांतांतील फिलिप्स परगण्यांत काळ्या कुळांनीं एक संघ काढला. त्यांनीं कोणाची जमीन मागितली नव्हती. आमच्या कापसाचा हिशेब तपशीलवार करा आणि आमचें आम्हांस द्या, एवढेंच मागणें. ३० सप्टेंबरच्या रात्रीं हूप स्पर गांवच्या प्रार्थनामंदिरांत त्यांची सभा चालू असतां गोळीबार झाला. एक गोरा मेला, आणि मग कांहीं दिवस त्या सबंध भागांत काळ्यांची शिकार चालली. गोरे पांच मेले, त्यांची मोजदाद आहे. काळे किती मेले त्याचा आंकडा कोणी शंभर सांगतो, कोणी कित्येक शेंकडे. ज्यांनीं हिशेब मागितला त्यांच्या प्रेतांचाहि हिशेब नाहीं. खुनाचे खटले मात्र काळ्यांवरच भरले गेले आणि बारा जणांस फांशीची शिक्षा झाली. १९२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील सहा जणांच्या खटल्यांत हात घातला, आणि १९२५ पर्यंत ते बाराही जण फांशीच्या दोरापासून वांचून बाहेर आले.

असा तो देश. अशा देशांत काळ्या माणसानें हिशेब तपासण्याची सनद मिळवावयाची म्हणजे काय, हें आतां तुमच्या ध्यानांत येईल.

ही सनद कसली? तिकडे तिला सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंटची सनद म्हणतात. बँक, विमा कंपनी, कारखाना, नगरपालिका यांचा ताळेबंद तपासून तो खरा आहे असा निर्वाळा द्यावयाचा, आणि त्या निर्वाळ्यावर सावकार, सरकार, भागीदार यांनीं विश्वास ठेवावयाचा. ह्या सनदेचा पहिला कायदा न्यूयॉर्क प्रांतानें १८९६ सालीं केला. मागून एकेक प्रांत आपापले कायदे करीत गेला. बहुतेक ठिकाणीं अटी मुख्य दोन: एक परीक्षा, आणि दुसरी, आधींच्या सनदी माणसाच्या हाताखालीं अमुक इतकीं वर्षें उमेदवारी.

आतां उमेदवारी म्हणजे काय हें मीं तुम्हांस शिकवावयाचें म्हणजे माशाला पोहणें शिकविण्यासारखें आहे. येथें सुतार बसले आहेत, लोहार आहेत, शिंपी आहेत. पटाशी कशी धरावी हें पुस्तकांत वाचून कोणाचा सांधा बसला आहे काय? दोन-चार वर्षें वस्तादाच्या समोर बसावें लागतें, लाकूड फुकट घालवावें लागतें, बोलणीं खावीं लागतात, मग हात बसतो. म्हणून ही दुसरी अट ऐकतांना अगदीं शहाणपणाची वाटते. ती तशी आहेहि. पण तिच्यांतच कुलूप होतें.

कायद्यांत 'काळा' हा शब्द कोठें लिहिला नव्हता. परीक्षा कितीहि अवघड असली तरी ती रात्रीं दिवा जाळून करतां येते. उमेदवारी मात्र दुसऱ्यानें आपल्या कचेरींत बसूं दिलें तरच होते. सनदी हिशेबनीस सगळे गोरे, कचेऱ्या त्यांच्या, आणि ते काळ्या मुलास दारांत उभा करीत नसत. विचारलें तर उत्तर ठरलेलें: "आमची कांहीं हरकत नाहीं हो, पण आमच्या गिऱ्हाइकांना चालणार नाहीं." मंडळी, "आम्हांला चालतें, पण लोकांना चालत नाहीं" हें वाक्य तुम्हीं कोठें ऐकलें आहे काय? आपल्या आजोबांनीं तें पाणवठ्यावर ऐकलें होतें, आणि देवळाच्या पायरीवरहि.

ह्या एका अटीनें केवढा फरक पडला हें पाहावयाचें असेल तर दुसऱ्या धंद्यांकडे पाहा. १९३० सालच्या खानेसुमारींत अमेरिकेंत काळे डॉक्टर तीन हजारांवर होते, काळे वकील हजारांवर होते. सनदी हिशेबनीस बोटांवर मोजण्याइतके. डॉक्टरकी शिकविणारीं त्यांचीं स्वतःचीं कॉलेजें होतीं, दवाखाने होते. काळा डॉक्टर काळ्या रोग्याच्या जिवावर उभा राहूं शके. हिशेबाच्या धंद्यांत पायरीची पहिलीच फळी गोऱ्याच्या ओसरींत होती. डोक्यानें काळा माणूस कमी पडतो असें कोणी म्हणेल, तर डॉक्टरकीस कमी डोकें लागतें काय, एवढेंच त्यास विचारावें.

ती पहिली फळी पहिल्यानें ज्यानें चुकविली त्याचें नांव जॉन क्रॉमवेल. त्याचा बाप व्हर्जिनिया प्रांतांत १८४६ सालीं गुलामगिरींत जन्मला, पुढें मोकळा झाला, शिकला, वकील झाला, आणि १८७६ सालीं त्यानें काळ्या लोकांसाठीं एक साप्ताहिक काढलें. वर्तमानपत्र चालविणाऱ्याच्या घरीं पैसा किती असतो तें आपणांस ठाऊकच आहे, पण पुस्तकें असतात. मुलगी ओटेलिया १९०० सालीं स्मिथ कॉलेजांतून पदवीधर झाली. त्या कॉलेजची ती पहिली काळी पदवीधर. मुलगा जॉन न्यू हॅम्पशर प्रांतांतील डार्टमथ कॉलेजांत शिकून १९०६ सालीं पदवीधर झाला, पुढच्या वर्षीं त्यानें वरची पदवीहि घेतली. एवढें शिकून तो वॉशिंग्टन शहरीं काळ्या मुलांच्या शाळेंत मास्तर झाला. (मास्तरांविषयीं मला ममता वाटणें साहजिक आहे, पण सांगण्याचें कारण तें नव्हे. त्याच्यासारख्यास दुसरें दार उघडें नव्हतें.)

त्याला हिशेबाची सनद हवी होती. वॉशिंग्टनमध्यें आणि शेजारच्या प्रांतांत त्याची वाट बंद होती. मग १९२१ सालीं न्यू हॅम्पशरनें आपल्या नियमांतून उमेदवारीची अट काढून टाकली. क्रॉमवेलनें तो प्रांत कॉलेजच्या दिवसांत पाहिलेला होता. तो वॉशिंग्टनहून चार-पांचशें मैल जाऊन तेथें परीक्षेस बसला आणि पास झाला. पदवीधर होऊन त्यास पंधरा वर्षें झालीं होतीं आणि वय अडतिशीच्या घरांत. देशांतला पहिला काळा सनदी हिशेबनीस तो हा; न्यूयॉर्कच्या पहिल्या कायद्यानंतर पंचवीस वर्षांनीं झालेला.

पहा, ह्या माणसानें भिंतीवर डोकें आपटलें नाहीं. भिंत किती लांब आहे आणि तिला कोठें खिंडार पडलें आहे तें त्यानें वर्षानुवर्षें नजरेंत ठेवलें. नियम वाचणें हें काम आपल्या लोकांस कंटाळवाणें वाटतें. अर्जाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत काय छापलें आहे तें आपण वाचीत नाहीं, दुसऱ्याला "तुम्हीच पाहा" म्हणून अंगठा उठवितों. क्रॉमवेलनें आपल्या प्रांताबाहेरचे नियमसुद्धां पाहिले. सनद घेऊन तो वॉशिंग्टनला परत आला, शिकवीतच राहिला, आपल्या लोकांचे हिशेब पाहात राहिला, आणि १९३० नंतर हॉवर्ड विद्यापीठाचा हिशेबप्रमुख झाला. तें विद्यापीठ म्हणजे काळ्या लोकांची काशीच.

पण एक माणूस खिंडारांतून गेला म्हणून रस्ता होत नाहीं. दर मुलानें चारशें मैल जाऊन परीक्षा द्यावी हें कोणास परवडणार? १९२३ सालीं शिकागो शहरांत आर्थर विल्सन यांस सनद मिळाली, १९२८ सालीं जॉर्जिया प्रांतांत जेसी ब्लेटन यांस. हे ब्लेटन अटलांटा शहरीं कॉलेजांत हिशेब शिकवीत. १९४९ सालीं त्यांनीं तेथील एक रेडिओ केंद्र विकत घेतलें; काळ्या माणसाच्या मालकीचें अमेरिकेंतलें तें पहिलें रेडिओ केंद्र. म्हणजे पैशाची वही ज्याला वाचतां येते त्याला धंद्याची संधिहि दिसते. हें जातां जातां सांगितलें.

मला तुम्हांस जिची गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे ती एका बाईची आहे. मागें बसलेल्या बायांनीं जरा कान देऊन ऐकावी.

तिचें नांव मेरी वॉशिंग्टन. जन्म १९०६ सालचा, मिसिसिपी प्रांतांतला, म्हणजे जेथें काळ्यांचा छळ सर्वांत अधिक त्या मुलुखांतला. लहानपणींच ती शिकागोस आली. शाळेंत गणितांत हुशार. तेथें जेसी बिंगा नांवाच्या काळ्या गृहस्थानें काढलेली एक बँक होती, तींत तिला नोकरी लागली. आतां मीं सांगितलेले आर्थर विल्सन त्याच बँकेंत अधिकारी होते. त्यांच्या हाताखालीं मेरी बसली. हीच तिची उमेदवारी. विल्सननीं तिला नुसत्या रकमा उतरून घ्यावयास लावून गप्प बसविलें नाहीं. ह्या धंद्यांत पुढें जा म्हणून तेच तिच्या पाठीशीं लागले. १९३० सालीं मंदीच्या लाटेंत ती बँक बुडाली आणि हजारों गरिबांच्या ठेवी अडकल्या. दुसरी एखादी "नशीब" म्हणून चुलीकडे वळली असती. मेरी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत हिशेबशास्त्र शिकावयास गेली. शिकतां शिकतां १९३९ सालीं तिनें राहत्या घराच्या तळघरांत टेबल मांडून स्वतःची कचेरी सुरू केली. १९४१ सालीं पदवी मिळाली आणि १९४३ सालीं सनद. ती सनद मिळविणारी ती सबंध अमेरिकेंतली पहिली काळी बाई.

येथपर्यंतची गोष्ट कोणत्याहि हुशार माणसाची असते. मला तिच्या पुढच्या वागण्याचें मोल अधिक वाटतें. महायुद्धाच्या दिवसांत अमेरिकेंत उत्पन्नावरचा कर साध्या माणसापर्यंत येऊन पोंचला. काळ्या दुकानदारांस, छोट्या कारखानदारांस हिशेबनीस हवे झाले. मेरीची कचेरी चालूं लागली. त्या वेळीं तिला सोपें काय होतें? एकटीनें कामें करावीं, पैसा गांठीला बांधावा, आणि "मी पहिली" म्हणून मिरवावें. तिनें आपल्या कचेरींत टेबलें वाढविलीं. देशाच्या निरनिराळ्या भागांतून काळीं मुलें शिकागोची वाट धरूं लागलीं. कां, तर तेथें एक कचेरी अशी आहे कीं जेथें काळ्यास उमेदवारी करतां येते. आपल्या प्रांतांत ज्यांस कोणी दारांत उभें करीत नव्हतें, ते तेथें वर्षें भरून काढीत आणि सनदेस लायक होत. पुढें १९६८ सालीं तिच्याच हाताखालचे पिटमन आणि त्यांजबरोबर मॅकीव्हर हे भागीदार झाले आणि तिघांच्या नांवानें पेढी उभी राहिली. काळ्यांच्या मोठ्या हिशेब-पेढ्यांत ती गणली गेली. मेरी ९९ वर्षांची होऊन २००५ सालीं वारली.

विल्सननीं मेरीस बसूं दिलें, मेरीनें इतरांस बसूं दिलें. ज्या अटीचें गोऱ्यांनीं कुलूप केलें होतें, त्याच अटीची हिनें किल्ली केली. कायदा न मोडतां, कोणाच्या पायां न पडतां.

तरी पण सगळीकडे शिकागो नव्हतें. थिओडोरा रदरफोर्ड नांवाची दुसरी एक बाई होती. १९२३ सालीं ती हॉवर्ड विद्यापीठांतून पहिल्या प्रतीनें पदवीधर झाली; तेव्हां ती विशीच्या आंतबाहेर होती. १९२४ सालीं तिनें कोलंबिया विद्यापीठाची हिशेबशास्त्राची वरची पदवी घेतली. कोलंबिया म्हणजे डॉक्टर आंबेडकर १९१३ पासून १९१६ पर्यंत जेथें शिकले तेंच. एवढी विद्या घेऊन ती वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांत राहिली, शिकवीत राहिली. सनद कधीं मिळाली म्हणाल? १९६० सालीं. पदवीनंतर छत्तीस वर्षांनीं. छत्तीस वर्षें म्हणजे आपल्याकडे नोकरदाराची सबंध नोकरी संपते. ह्या बाईची विद्या तितकीं वर्षें सनदेवांचून पडून होती, आणि त्या प्रांताचें त्यांत काय कमी नुकसान झालें? यश मिळालें म्हणून ह्या गोष्टी आपण गोड करून सांगतों. मला ती तशी सांगवत नाहीं. जे मधल्या मधेंच थकून दुसऱ्या कामाला लागले त्यांचीं नांवें कोणत्याच पुस्तकांत नाहींत.

१९६४ सालीं अमेरिकेंत नागरी हक्कांचा कायदा झाला आणि नोकरींत रंग पाहणें बेकायदा ठरलें. मोठ्या हिशेब-पेढ्यांस दार किलकिलें करावें लागलें. १९६९ सालीं बर्ट मिचेल नांवाच्या, जमेकांतून आलेल्या एका काळ्या हिशेबनिसानें शोध करून मोजदाद केली. देशांत सनदी हिशेबनीस लाखभर, आणि त्यांत काळे दीडशेंच्या आंत. त्या वेळीं अमेरिकेंत दर शंभर माणसांत अकरा काळे होते. सनदी हिशेबनिसांत दर हजारीं दीड देखील भरेना. आंकड्यांच्या धंद्यावर त्यांच्याच आंकड्यानें असा घाव घातला, तेव्हां त्या धंद्याच्या मुख्य संस्थेस त्याच वर्षीं ठराव करून काळ्यांस सामील करून घेण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. त्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें नऊ काळ्या हिशेबनिसांनीं आपली स्वतःची संघटना काढली. कॉलेजांतल्या मुलांस वाट दाखवावयाची आणि नोकरीस लागलेल्यांस टिकवावयाचें, हें तिचें काम. २०१६ सालीं त्या मुख्य संस्थेच्या अध्यक्षपदीं किंबर्ली एलिसन-टेलर ही काळी बाई बसली. एवढें झालें, तरी तेथील सनदी हिशेबनिसांत काळ्यांचें प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपासच रेंगाळतें आहे. कायदा झाला म्हणजे कुलूप निघतें, पण बिजागऱ्या गंजलेल्याच राहतात.

हें झालें त्यांचें. आतां आपल्या उंबऱ्याकडे या.

आपल्याकडे ह्या धंद्याचा कायदा १९४९ सालीं झाला. सी. ए. व्हावयाचें तर परीक्षा आहेत, आणि उमेदवारीहि आहे. परीक्षेच्या खोलींत जात विचारीत नाहींत, पेपर तपासणारास नांव दिसत नाहीं, ही गोष्ट खरी आणि फार चांगली. पण उमेदवारी कोणाच्या तरी कचेरींतच करावी लागते, आणि ती कचेरी शहरांत असते. आपल्याच गांवची, विणकराच्या घरची एक मुलगी ह्या परीक्षांच्या मागें लागली आहे. नांव सांगत नाहीं, ती येथेंच बसली आहे आणि लाजेल. तिनें जिल्ह्याच्या गांवीं सात कचेऱ्यांचे उंबरे झिजविले. वाईट कोणी बोललें नाहीं. पण सातांपैकीं पांच ठिकाणीं पहिला प्रश्न एकच: "कोणाच्या ओळखीनें आलांत?" गुणपत्रक मागून पाहिलें. हिच्या ओळखीचें तेथें कोण असणार? बाप मागावर, आजोबा मागावर. आठव्या ठिकाणीं बसावयास मिळालें, आणि तेंहि तेथील गृहस्थांनीं तिची वही उघडून तिनें स्वतः मांडलेला जमाखर्च पाहिला म्हणून. मिळणारें विद्यावेतन खोलीच्या भाड्यास पुरत नाहीं, म्हणून ती मावशीच्या घरीं राहते. मावशी नसती तर?

मघाशीं सुतारांच्या तात्यांनीं हळूच विचारलें, "मास्तर, पोरगी शिकून शहरांतच राहिली तर आम्हांस काय मिळालें?" तात्या, कदाचित् ती राहीलहि. कोणाच्या मुलीस मी गांवाच्या खुंट्याला बांधावयास सांगणार नाहीं. पण आपल्या गांवांतून शहरांत गेलेले, कचेऱ्यांतून बसलेले आठ-दहा जण तरी आहेत. दिवाळीस येतात, शाळेस पंखा देतात, आपण त्यांचा सत्कार करतों. यंदा पंखा नको म्हणून मीं त्यांस कळविलें आहे. दोघांच्या स्वतःच्या कचेऱ्या आहेत; त्यांनीं वर्षाला एका मुलास किंवा मुलीस टेबल द्यावें, ओळख न विचारतां, काम पाहून. बाकीच्यांनीं शहरांत निजावयापुरती जागा द्यावी. एकाचें होकाराचें पत्र आलें आहे, दुसऱ्याचें यावयाचें आहे. अध्यक्षमहाराज त्यांचे मामा लागतात, त्यांनीं तें मनावर घ्यावें.

आणि जीं मुलें सनदेपर्यंत जाणार नाहींत, आणि आपण जे थोरले आहोंत, त्यांच्यासाठीं ह्याच शाळेंत मी एक वर्ग काढतों आहें. कीर्द कशी लिहावी, खतावणी कशी करावी, सोसायटीच्या कर्जाच्या उताऱ्यांत मुद्दल कोठें आणि व्याज कोठें, आडत्याच्या पट्टींत हमाली, तोलाई, अडत मिळून किती कापलें, हें सगळें खऱ्या कागदांवर शिकूं. म्हणून येतांना आपापल्या पट्ट्या आणि उतारे घेऊन या. ज्यांस आपलें कर्ज चारचौघांत दाखवावयास संकोच वाटतो त्यांनीं नांव दुमडून आणावें. मला आंकडे पुरेत. बायांनीं जरूर यावें, बचतगटाची वही तुमच्याच हातांत असते. शनिवारीं बाजार असतो, म्हणून वर्ग सोमवारीं आणि गुरुवारीं दिवेलागणीनंतर भरेल, फी नाहीं. वही ज्यांस घेतां येणार नाहीं त्यांनीं पाठकोरे कागद शिवून आणले तरी चालतील. रेघा मारण्याचें काम चौथीच्या मुलांनीं अंगावर घेतलें आहे.